मागच्या चाकांचा हिशेब

जुनी फोक्सवॅगन व्हॅन मागून जॅकवर उचलली, की जमिनीपासून सुटणारी तिची दोन्ही चाकं सरळ खाली लोंबत नाहीत. ती खालच्या बाजूनं आत वळतात आणि गाडी फेंगडी दिसू लागते. पुन्हा खाली ठेवली तरी चाकं लगेच ताठ होत नाहीत. गाडी हातभर पुढं-मागं ढकलावी लागते, मग कुठं टायर रस्त्यावर आपली जागा घेतात. १९५० ते १९६७ या काळातली, पुढची काच दोन भागांत असलेली ही ‘टाइप २’ ज्यांनी उघडली आहे, त्यांना या एका हालचालीत तिच्या मागच्या ॲक्सलची सगळी कुंडली दिसते.

आज या व्हॅन कॅलिफोर्नियात, इंग्लंडात, जर्मनीत मोठ्या मायेनं सांभाळल्या जातात. त्यांत बदल करून घेण्याची हौसही जुनी आहे आणि सगळ्यांत जास्त बदल मागच्या चाकांपाशी होतात. कुणाला गाडी खाली, रस्त्याला टेकलेली हवी असते. कुणाला हायवेवर इंजिनाचा आरडाओरडा नको असतो. कुणी वळणावर एकदा घाबरलेलं असतं. तिघांची दुखणी वेगळी असली तरी तिघांची पावलं एकाच ॲक्सलपाशी येतात. तिथं उंची बदलली की चाकाचा कोन बदलतो, चाकाजवळची गिअरपेटी काढली की वेग आणि उंची दोन्ही बदलतात, आणि कोनाला हात घातला की गाडीच्या सांगाड्याशी गाठ पडते. माझ्या मते या गाडीवरची निम्मी वाया गेलेली कामं एकच गोष्ट बदलायची असं धरून चालल्यामुळं वाया गेलेली असतात.

ही रचना अशी का आहे, हे समजायला वोल्फ्सबुर्गच्या फोक्सवॅगन कारखान्यात जायला हवं. युद्धानंतर हा कारखाना ब्रिटिश लष्कराच्या देखरेखीखाली होता. आतल्या आत सामान हलवण्यासाठी कामगारांनी बीटल या मोटारीच्या सुट्या भागांतून चार चाकांचा एक सपाट गाडा बनवला होता. बेन पॉन या डच विक्रेत्यानं तो पाहिला आणि २३ एप्रिल १९४७ रोजी आपल्या वहीत एका डबेवजा गाडीचं रेखाटन केलं. चालक पुढच्या चाकांवर, इंजिन मागच्या चाकांवर आणि माल दोहोंच्या मध्ये. ते पान आता आम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. कल्पना सुंदर होती, कारण गाडी भरलेली असो वा रिकामी, वजन दोन्ही ॲक्सलवर जवळपास सारखं वाटलं जाई. पण पहिला नमुना बीटलच्याच तळावर उभा केला आणि तो चाचणीत टिकला नाही, तळ वाकला. मग खाली आडव्या-उभ्या पट्ट्यांची बळकटी देऊन तळ आणि बॉडी एकजीव केली आणि ८ मार्च १९५० रोजी उत्पादन सुरू झालं. १९५६ मध्ये ते हानोवरच्या नव्या कारखान्यात गेलं.

इंजिन मात्र बीटलचंच होतं, ११३१ सीसीचं, २५ अश्वशक्तीचं. पाऊण टन माल वाहायचा आणि ताकद एवढीशी. यावरचा तोडगा युद्धकाळातल्या क्यूबेलवागेन या लष्करी गाडीतून आला. पायी चालणाऱ्या सैनिकांच्या बरोबरीनं ती गाडी ताशी चारेक किलोमीटरनं रेंगाळू शकली पाहिजे, अशी लष्कराची मागणी होती. म्हणून अभियंत्यांनी मागच्या प्रत्येक चाकाच्या आत दोन गिअरांची छोटी पेटी बसवली होती. ॲक्सलचा दांडा वरच्या गिअरमध्ये शिरतो, चाक खालच्या गिअरवर फिरतं. त्यामुळं चाकाला मिळणारा जोर वाढतो आणि ॲक्सल चाकाच्या मध्यापेक्षा वर राहतो, म्हणजे गाडीही उंच होते. हीच रिडक्शन पेटी व्हॅनला मिळाली. सुरुवातीला तिचं प्रमाण सुमारे १.४ होतं. १९६३ च्या सुमारास १५०० सीसीचं इंजिन आलं, भारक्षमता एक टनावर गेली, पेटीचं प्रमाण १.२६ झालं आणि मागच्या चाकाचा मुख्य नट ३६ मिलिमीटरवरून ४६ वर गेला. जुन्या गाड्यांच्या बाजारात आजही लोक ‘छोटा नट’ आणि ‘मोठा नट’ अशीच विभागणी करतात.

युरोपातून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान ओलांडून पाकिस्तानमार्गे भारतात आणि शेवटी गोव्याच्या हणजुण्याला जे तरुण यायचे, त्यांच्यातल्या पुष्कळांकडं अशाच व्हॅन होत्या. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा आल्या आणि ती वाट मिटली. माणसं, अंथरुणं, स्टोव्ह, पाण्याचे डबे भरलेली गाडी खैबर घाट चढायची ती ताकदीच्या जोरावर नव्हे. जुन्या ढंगाच्या गाड्यांत चाकातल्या त्या दोन-दोन गिअरांनी ते जमवलं होतं.

महाराष्ट्राशी या गाडीचं एक दूरचं नातं आहे आणि ते आपल्याकडं फारसं सांगितलं जात नाही. हाम्बुर्गच्या विडाल अँड सोन या कंपनीनं १९४९ मध्ये ‘टेम्पो मॅटाडोर’ ही पुढच्या चाकांवर चालणारी छोटी मालगाडी काढली, तेव्हा तिच्यात फोक्सवॅगनचंच २५ अश्वशक्तीचं इंजिन होतं. फोक्सवॅगनची स्वतःची व्हॅन बाजारात आली आणि १९५२ मध्ये तो इंजिनपुरवठा थांबला. पुढं १९५८ मध्ये याच टेम्पो कंपनीशी करार करून फिरोदियांनी बजाज टेम्पो उभी केली. पुण्याच्या आकुर्डीतून निघालेली मॅटाडोर वऱ्हाडापासून वसईपर्यंत लग्नाची वऱ्हाडं आणि भाजीच्या टोपल्या वाहत राहिली. तिचं यंत्र फोक्सवॅगनच्या व्हॅनपेक्षा अगदी वेगळं. पण ज्यांनी मागं खचाखच भरलेली आणि परतताना रिकामी मॅटाडोर चालवली आहे, त्यांना भरल्या आणि रिकाम्या गाडीच्या वागण्यातला फरक शब्दांत सांगायची गरज नाही.

फोक्सवॅगनमध्ये तो फरक फार ठळक आहे. मागचा ॲक्सल दोन अर्ध्या दांड्यांचा आहे आणि प्रत्येक दांडा एका नळीत आहे. ही नळी गिअरबॉक्सच्या बाजूला सांध्यावर वरखाली झुलते आणि चाकाच्या बाजूला मात्र पक्की असते. चाक खड्ड्यात गेलं की ते नळीसह एका कमानीत फिरतं, त्यामुळं प्रत्येक उंचीला त्याचा झुकाव वेगळा. कारखान्यानं ही मापं भरलेल्या गाडीसाठी ठरवली होती. पाऊण टन ठेवा, गाडी मागं बसते आणि चाकं ताठ होतात. रिकामी चालवा, मागचा भाग वर उठतो आणि चाकांचे तळ आत जातात. आजचे बहुतेक मालक बटाट्याची पोती वाहत नाहीत. दोन माणसं, एक गादी, एक शेगडी एवढंच सामान असतं. म्हणजे गाडी जवळपास कायम ज्या स्थितीत धावते, त्या स्थितीसाठी ती मुळी मापलेलीच नाही. माझ्या दृष्टीनं या गाडीत बदल करायला एवढं एक कारण पुरेसं आहे.

वळणावर काय होतं ते थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण याच ठिकाणी माणसं जखमी झाली आहेत. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या टायरवर रस्त्याचा आडवा रेटा येतो. तो रेटा तिरक्या नळीवरून गिअरबॉक्सकडच्या सांध्याकडं जातो आणि गाडीला मागून वर ढकलतो. गाडी उठली की चाक आणखी आत वळतं, टायरची पकड घटते, दोन चाकांमधलं अंतर कमी होतं आणि गाडी आणखी उठते. एका मर्यादेपर्यंत काहीच जाणवत नाही. त्यानंतर मागची बाजू अचानक सटकते. रिडक्शन पेटीमुळं तो सांधा चाकाच्या मध्याच्याही वर असतो, म्हणून उचलणारा हा जोर व्हॅनमध्ये जास्तच. अमेरिकेत शेवरोलेच्या १९६० ते १९६३ च्या कॉर्व्हेरमध्ये हाच प्रकार होता. राल्फ नेडर यांच्या १९६५ च्या ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ या पुस्तकाचं पहिलं प्रकरण तिच्यावर आहे. शेवरोलेनं १९६४ मध्ये मागं एक आडवा पाटा घातला आणि १९६५ मध्ये सगळी रचनाच बदलली. फोक्सवॅगनवाल्यांसाठी असा आडवा पाटा कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडमधून जो व्हिटोन यांची एम्पी ही कंपनी विकत होती. तो गिअरबॉक्सच्या खालून दोन्ही नळ्यांना आधार देतो आणि चाकांना एका मर्यादेपलीकडं आत वळू देत नाही. तो बोल्टांनी बसतो, बोल्टांनीच निघतो, आणि गाडीच्या अंगाला एक भोकही पडत नाही. इतक्या साध्या उपायाला आजचे हौशी लोक कमी लेखतात याचं मला वाईट वाटतं.

पुष्कळांचं काम मात्र उंचीपासून सुरू होतं. या गाडीत मागं कॉइल स्प्रिंगही नाहीत आणि पाटेही नाहीत. आडव्या नळीत पोलादाच्या दोन जाड सळ्या आहेत, टॉर्शन बार. बीटलचे रचनाकार पोर्श यांनी १९३१ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं होतं. सळीचं आतलं टोक मधोमध पक्कं, बाहेरच्या टोकावर एक पोलादी पट्टी आणि पट्टीला ॲक्सलची नळी जोडलेली. चाक वर गेलं की सळी पिळली जाते आणि परत सुटू पाहते. दोन्ही टोकांना दाते असतात आणि खरी बुद्धी त्या दात्यांच्या संख्येत आहे. बीटलच्या सळीला आतल्या टोकाला ४० दाते आणि बाहेरच्या टोकाला ४४. आतला एक दाता सरकवला तर ९ अंश, बाहेरचा एक सरकवला तर ८ अंश १० मिनिटं. एक पुढं आणि दुसरा उलट दिशेला सरकवला की उरतात फक्त ५० मिनिटं, म्हणजे एका अंशाहूनही कमी. पट्टी ४० सेंटिमीटर धरली, तर नुसता बाहेरचा दाता सरकवून चाकापाशी ५७ मिलिमीटरचा फरक पडेल. दोन्ही टोकं उलटसुलट सरकवली तर जेमतेम ६ मिलिमीटरचा. कसलाही जादा भाग न लावता, केवळ दोन संख्यांच्या फरकातून इतकी बारीक जुळवणी करता येते. व्हॅनमध्येही तत्त्व हेच आहे.

हे काम हातात घेणाऱ्यानं एक गोष्ट आधी जाणून घ्यावी. चाक, शॉकॲब्सॉर्बर आणि ॲक्सलची नळी सुटी केली तरी पट्टी मोकळी झालेली नसते. ती पिळलेल्या सळीच्या जोरावर खालच्या एका ओठावर टेकून बसलेली असते. जॅक आणि साखळीनं दाबात धरून तिला ओठावरून बाजूला घेतलं नाही, तर ती फटक्यासारखी खाली येते आणि समोर हात असेल तर हाड राहत नाही. नळी आणि पट्टी यांच्या जोडावर छिन्नीनं खूण करून ठेवायची, कारण चाक पुढं-मागं किती वळलेलं राहणार ते त्या जोडावर ठरतं. डाव्या-उजव्या सळ्यांची अदलाबदल करायची नाही. त्या कारखान्यातच एका दिशेनं पिळून तयार केलेल्या असतात आणि टोकावर तशी खूण असते. दात्यांना ग्रीस, पण रबरी बुशांना तेलाचा थेंबही नको, फक्त टाल्कम पावडर. दोन्ही बाजूंचे कोन अंशमापकानं मोजल्याशिवाय झाकण लावायचं नाही. हे वाचायला रूक्ष वाटेल, पण गाडी एका कुशीवर कललेली दिसते तेव्हा चूक बहुतेकदा यातल्याच एखाद्या पायरीवर झालेली असते.

मागची बाजू दोन-अडीच इंच खाली आणली, तर रिकाम्या गाडीची चाकं ताठ होतात आणि वळणावरची भीती खरोखर कमी होते. म्हणजे इथं हौस आणि शहाणपण काही अंतर एकत्र चालतात. त्याच्या पुढं वाटा फुटतात. चार-पाच इंच खाली आणलेल्या गाडीच्या चाकांचे माथे आत झुकतात, टायर आतल्या कडेनं खाल्ला जातो, आणि चार माणसं बसली की नळी वरच्या रबरावर आपटू लागते. स्प्रिंगला हालायला जागाच उरत नाही, मग प्रत्येक खड्डा थेट बॉडीत शिरतो. फोटोत अशी गाडी फार देखणी दिसते. साठ वर्षांच्या पत्र्यावर ती रोज अन्याय करत असते.

यावर पुढचा उपाय म्हणून रिडक्शन पेट्याच काढून टाकतात. इंग्रजी मुलखात याला ‘स्ट्रेट ॲक्सल’ म्हणतात. बीटलचा गिअरबॉक्स आणि १९६७ पासूनचे त्याचे लांब ॲक्सल वापरायचे, व्हॅनच्या पट्टीला जोडण्यासाठी वेगळ्या प्लेटा घ्यायच्या, हँडब्रेकच्या तारा नव्यानं मापायच्या. पेटीतला वर-खालीपणा गेल्यामुळं मागची बाजू सळीला हात न लावता तीन-चार इंच खाली येते, आणि झुलता सांधाही तेवढाच खाली येतो. शिवाय इंजिन शांत होतं. बाकीचे गिअर तेच धरले, तर १.२६ ची पेटी काढल्यावर ज्या वेगाला इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत होतं, तिथं ते २३८० घेईल. सपाट मोटारवेवर हा फरक दिवसभर कानांना जाणवतो. चढावर तोच फरक उलटा येतो आणि मूळचं इंजिन धापा टाकतं. म्हणून हा बदल मोठ्या इंजिनासोबतच शोभतो.

इथं एक खाच आहे. दोन गिअर एकमेकांत अडकले की फिरण्याची दिशा उलटते. रिडक्शन पेटी दिशा उलटवते, म्हणून व्हॅनच्या गिअरबॉक्समध्ये क्राऊन व्हील, म्हणजे ॲक्सलच्या दांड्यांना फिरवणारं मोठं दातेरी चाक, बीटलच्या उलट बाजूला बसवलेलं असतं. पेट्या काढल्या आणि व्हॅनचाच गिअरबॉक्स तसाच ठेवला, तर गाडीला चार रिव्हर्स आणि एक फॉरवर्ड गिअर मिळतो. पेट्या ठेवून बीटलचा गिअरबॉक्स टाकला तरी तेच. गिअरबॉक्स उघडून क्राऊन व्हील दुसऱ्या बाजूला घेता येतं, पण त्यानंतर त्याला फिरवणाऱ्या पिनियनशी त्याची खेळ-जागा शतांश मिलिमीटरात नव्यानं बसवावी लागते. ते काम मोजक्याच हातांना जमतं.

तिसरी वाट कारखान्यानंच दाखवली. ऑगस्ट १९६७ मध्ये एकसंध काचेची नवी व्हॅन आली तेव्हा झुलता ॲक्सल आणि रिडक्शन पेट्या दोन्ही गेल्या. प्रत्येक अर्ध्या दांड्याला दोन्ही टोकांना सांधे आले आणि चाकाला धरायला तिरका हात आला. चाक वरखाली झालं तरी त्याचा झुकाव फारसा बदलत नाही. इंजिनही आता १५८४ सीसी आणि ४७ अश्वशक्तीचं होतं, त्यामुळं चाकातल्या मदतीची गरज उरली नव्हती. जुन्या गाडीत ही रचना बसवायची, तर टॉर्शनच्या आडव्या नळीवर त्या तिरक्या हातांसाठी नवे कान वेल्ड करावे लागतात. ते एका बाजूला दोन मिलिमीटर चुकले, तर गाडी आयुष्यभर तिरकी चालते. फार खाली आणलेल्या गाडीत दांड्यांचे सांधे इतक्या कोनात जातात की ते तापून फुटतात, मग गिअरबॉक्सच वर उचलून बसवावा लागतो, मग त्याचे टेकू, मग गिअरची दांडी, मग वरचा पत्रा. एकातून दुसरं निघत जातं. तरीही जो माणूस कुटुंब घेऊन रोज वेगात लांब जाणार आहे, त्याच्यासाठी यांत्रिकदृष्ट्या हीच सर्वांत सुरक्षित रचना आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. हवेच्या फुग्यांवर गाडी वरखाली करण्याची पद्धतही आहे. झुलत्या ॲक्सलवर ती बसवली तर चाकाचा कोन बटणागणिक बदलतो, म्हणून मला ती पटत नाही.

कायद्याची बाजू देशागणिक वेगळी. जर्मनीत ३० वर्षांवरच्या गाड्यांना १९९७ पासून ऐतिहासिक वाहनाची ‘एच’ पाटी मिळते, पण त्यांतले बदल त्या गाडीच्या काळाला धरून असावे लागतात. ब्रिटननं मे २०१८ पासून ४० वर्षांवरच्या गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट दिली. सस्पेन्शनचा प्रकारच बदलला असेल तर ती सूट जाऊ शकते, मात्र सुरक्षिततेसाठी केलेल्या बदलाला तिथं मुभा आहे. हा भेद मला न्याय्य वाटतो. भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कडक आहे आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून फारकत घेणारे बदल चालणार नाहीत असं सांगितलं. २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी दिली, तीही गाडी मूळ रूपात असेल तरच. म्हणजे मुंबई-पुण्यात अशी व्हॅन कुणाकडं असेल, तर त्यानं सळीचे दाते, चांगले शॉकॲब्सॉर्बर, ताजे बुश आणि मागचा आडवा पाटा यांच्या पलीकडं जाण्याआधी आरटीओचा नियम वाचावा.

मला विचारलं, तर मी तिथंच थांबेन. गिअरबॉक्स आधीच गेलेला असेल आणि मोठं इंजिन येणारच असेल, तर स्ट्रेट ॲक्सलला माझी हरकत नाही. मात्र काढलेल्या रिडक्शन पेट्या तेल भरून, नावनिशी लिहून कोरड्या जागी ठेवाव्यात. पुढच्या मालकाला घाट चढायचा असू शकतो. वेल्डिंगचा निर्णय ज्याच्या गाडीचा तळ गंजून आधीच कापावा लागला आहे, त्यानं घ्यावा. टॉर्शनच्या शाबूत नळीवर ग्राइंडर चालवताना मात्र हात थांबला पाहिजे.

काम संपल्यावर व्हील अलाइनमेंटला गाडी रिकामी नेऊ नये. प्रवासात जेवढी माणसं बसणार, तेवढ्या वजनाची पोती सीटवर ठेवावीत, पाण्याची टाकी भरावी, गादी आणि शेगडी जागेवर असावी. गाडी थोडी पुढं-मागं ढकलून टायर बसू द्यावेत आणि मग मापं घ्यावीत. पाचशे किलोमीटरनंतर मागचे मुख्य नट पुन्हा ठरलेल्या जोरानं तपासावेत आणि दोन्ही टायरांच्या आतल्या कडांवरून हात फिरवावा. एक कड दुसरीपेक्षा गुळगुळीत लागली, तर पुन्हा अंशमापक काढायचा.